नेमेसिस ही लॉटरी नाही: मॉर्डोरच्या ओर्कांची बाजू

घुबड

परवा 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगातल्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला तेव्हा 'कोरा कागद' यांनी जे लिहिलं ते वाचून डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नेमेसिस, म्हणजे शत्रूचे ओर्क (राक्षसी सैनिक) घडवून तुमच्याशी झालेल्या चकमकी लक्षात ठेवणारी त्या गेममधली सिस्टिम, ही नुसती नावं, चेहरे आणि टोमणे यांची लॉटरी. ज्याला खेळता येतं त्याला ती दिसतच नाही. २०१४ पासून लोकांनी तिला उगाच डोक्यावर घेतलंय. दोन ओळींच्या उत्तराने माझं समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

नाव आणि थोबाड मशीन निवडतं, हे कोणीच नाकारत नाही. पण त्या ओर्कचं पुढे काय होणार ते तुमच्या हातून काय घडलं यावर ठरतं. गेमच्या पहिल्या भूभागात, उडूनमध्ये, मी एका कॅप्टनला (ओर्क सरदाराला) लोळवत होतो, तेवढ्यात गर्दीतल्या एका बिननावाच्या उरुकने (दणकट ओर्कने) मागून वार केला. मेलो. परत येतो तर सैन्याच्या पडद्यावर तोच उभा. बढती मिळालेली, चिलखत चढलेलं, नाव मोझू. पुढच्या गाठीला मला बघताच त्याने मागच्या वेळची आठवण करून दिली. मग मी शेकोटीवर बाण मारून त्याला पेटवला आणि गेला एकदाचा असं धरून चाललो. काही वेळाने दुसऱ्याच मोहिमेच्या मधोमध हा हजर! अर्धा चेहरा जळलेला, डोक्याला फडकी गुंडाळलेली. आणि आता आग दिसली की बिथरायचा, जे आधी अजिबात नव्हतं. पुढे तो वॉरचीफचा (कॅप्टनांच्या वरच्या सरदाराचा) अंगरक्षक झाला.

यातलं काहीही पटकथेत नव्हतं. मुख्य कथेत ब्लॅक हँड हा खलनायक नायकाच्या, टॅलियनच्या, बायकोचा आणि मुलाचा बळी देतो, तरी मला त्याचा काडीचा राग आला नाही. मोझूचा आला. कन्सोल बंद केल्यावरही येत राहिला.

बाकीच्या गेममध्ये मेलात की जुना सेव्ह लोड होतो आणि घडलेलं पुसलं जातं. टॅलियनला मरण नाही, त्यामुळे तुमचं हरणं त्या जगात घडलेली गोष्ट म्हणून शिल्लक राहतं. काळ पुढे सरकतो, ओर्कांची आपसातली द्वंद्वं निकालात निघतात, एखाद्याची मेजवानी उधळली जाते, जागा रिकामी होते, खालचा वर चढतो. हरण्याला एवढं वजन देणारा दुसरा ॲक्शन गेम मी तरी खेळलेलो नाही. त्याला लॉटरी म्हणणं मला सहन होत नाही, एवढंच.

कोरा कागद

माझं नाव घेऊन धागा निघालाच आहे तर मीही सविस्तर लिहितो.

तुमची अख्खी गोष्ट एका शब्दावर उभी आहे: 'मेलो.' मी मेलो नाही. मॉर्डोरची लढाई ही अर्खम बॅटमनच्या वळणाची आहे. डोक्यावर खूण चमकली की काउंटर (वार उलटवायचं बटण) दाबायचा, आणि त्यासाठी वेळही भरपूर मिळतो. तेवढं जमलं की वीस ओर्कांच्या गराड्यातही केसाला धक्का लागत नाही. कॅप्टन भेटतो, दोन वाक्यं बोलतो, मी त्याचं डोकं उडवतो. डोकं उडालेला परत येत नाही. त्याच्या जागी नवा कोणीतरी येतो, तोही दोन वाक्यं बोलतो. माझ्यासाठी हा गेम म्हणजे अनोळखी लोकांची रांग होती. आणि पुढे टॅलियनच्या तलवारीची, उर्फाएलची, ती शक्ती मिळाली, की काही सेकंद एकामागून एक फुकटचे एक्झिक्यूशन (जागीच ठार). दुसऱ्या भूभागात, न्यूर्नेनमध्ये, ब्रँड करता (ओर्कला गुलाम करता) यायला लागल्यावर तर कॅप्टनच माझे नोकर. मग शत्रू विकसित होणार कुठे आणि कधी?

शत्रू जिंकणाऱ्याच्या विरुद्ध वाढला पाहिजे. २०१५ चा 'मेटल गिअर सॉलिड ५' बघा. सारखे हेडशॉट मारलेत तर सैनिक हेल्मेट घालून येतात. रात्री हल्ले केलेत तर नाइट व्हिजन गॉगल लावून येतात. गॅस वापरलात तर मास्क. मी ज्यात चांगला आहे नेमकं तेच माझ्याकडून काढून घेतात. याला मी शिकणारा शत्रू म्हणतो. मॉर्डोरचा ओर्क शिकत नाही, त्याला फक्त बढती मिळते.

शेवटचं सांगतो आणि यावर उत्तर हवंच आहे. एवढी थोर सिस्टिम होती, तर ब्लॅक हँडशी शेवटची झुंज चार बटणं दाबायच्या क्यूटीईवर का उरकली? बनवणाऱ्यांनाच तिच्यावर भरवसा नव्हता.

तिसरी घंटा

कोरा कागद यांना पूर्ण अनुमोदन. वर माझी एक भर.

मी शेवटी शेवटी मुद्दाम मरायला लागले होते. कॅप्टनची पॉवर वाढली की त्याच्याकडून मिळणारा रून (शस्त्राची ताकद वाढवणारं चिन्ह) चांगला, म्हणून तलवार खाली करून त्याच्यासमोर उभी राहायचे. त्याने मारलं की त्याची पातळी वर. परत जायचं, परत मरायचं. एका क्षणी वाटलं, हे मी काय करतेय? ज्याचा राग यायला हवा त्याला मी वाढवतेय, आणि तेही कंटाळत. गेमने खेळाडूला असं वागायला लावलं तर दोष खेळाडूचा नाही.

रात्रपाळी

अहो, तुम्ही दोघंही पहिल्या भागावर अडून बसलाय. 'शॅडो ऑफ वॉर' २०१७ मध्ये आला, त्याचं काय?

कोरा कागद, तुम्हाला हवंय ते तिथे आहे. कॅप्टनवर तीच ती चाल वापरत राहिलात तर तो 'ॲडाप्ट' होतो आणि ती चालच बंद करतो. डोक्यावरून उडी मारून मागून वार करायची सवय असेल तर तो उडीच अडवतो. बाणांवर भिस्त असेल तर बाण चालेनासे होतात. तेही समोरासमोर, लढाई चालू असताना. म्हणजे जिंकणाऱ्याच्याच विरुद्ध.

आता माझी गोष्ट. एक कॅप्टन मी डॉमिनेट करून (वश करून) घेतला, गडाच्या वेढ्यात पुढे ठेवला, चांगलं काम करत होता. मग कुठल्याशा मोहिमेत वाटेत आलेला एक ओर्क मी मारला. चेहराही नीट बघितला नाही. थोड्या वेळाने माझा तो विश्वासू ओर्क माझ्यावरच उलटला. मेलेला त्याचा रक्ताचा भाऊ होता! मी गेम थांबवून खुर्चीत नुसता बसून राहिलो. माझी चाल चुकली नव्हती, मी मेलो नव्हतो, मी जिंकलो होतो, आणि जिंकलो म्हणूनच माझा माणूस गेला. आता म्हणा लॉटरी.

जुना जॉयस्टिक

'शॅडो ऑफ वॉर'चं नाव काढलंत म्हणून बोलतो, नाहीतर गप्प होतो.

पूर्ण पैसे मोजून विकलेल्या एकट्याने खेळायच्या गेममध्ये लूट बॉक्स! ओर्क पेटीतून विकत! ज्या सिस्टिमचा जीवच हा की ओर्क तुमच्या करणीने घडतो, तिथे पैसे टाकून तयार ओर्क घ्यायचा? आणि चौथ्या अंकातल्या त्या शॅडो वॉर्स, तेच तेच गड पुन्हा पुन्हा राखायचे, कारण खरा शेवट त्याच्या पलीकडे डांबून ठेवलेला. जुलै २०१८ मध्ये बाजार काढून टाकला, तो भागही आटोपशीर केला, हे खरं. पण तोवर जे खेळले त्यांचे तास कोण परत देणार? आणि शेलॉब! टॉल्किनची ती प्राचीन, ओंगळ कोळीण, तिला काळ्या झग्यातली सुंदरी करून टाकली. वर सेलेब्रिम्बोरने (टॅलियनशी जोडलेल्या एल्फच्या आत्म्याने) नवीन अंगठी घडवली ती वेगळीच. मूळ पुस्तकं वाचलेला माणूस हे कसं गिळणार?

रात्रपाळी

जॉयस्टिकराव, लूट बॉक्सबद्दल एका शब्दाने वाद नाही. शेलॉबसाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

घुबड

मुद्द्यावर येऊ या.

कोरा कागद, 'मेटल गिअर'चं उदाहरण चांगलं आहे. हेल्मेट घालून आलेला सैनिक माझ्या सवयीला उत्तर देतो, कबूल. पण तो कोण आहे? कोणीही नाही. अख्ख्या फौजेला हेल्मेट मिळतं. उद्या तो मेला तर त्याच्या जागी आलेल्यात आणि त्याच्यात फरक काय, सांगा. मोझूला माहीत होतं की मी त्याला जाळलं. 'मी' आणि 'त्याला'. फौज हुशार होणं वेगळं आणि एकाच्या मनात डूख धरला जाणं वेगळं. पहिल्याने गेम अवघड होतो, दुसऱ्याने वैर तयार होतं.

शेवटच्या क्यूटीईची बाजू मी घेणार नाही, तो शेवट भिकारच आहे. पण त्यावरून सिस्टिम खोटी कशी ठरते? ब्लॅक हँड हा लिहिलेला खलनायक आहे. लिहिलेले खलनायक त्या गेममध्ये सगळे फिके आहेत, हे उलट माझ्याच बाजूने जातं.

रानवाट

तुम्ही सगळे भलत्याच ठिकाणी भांडताय. सिस्टिम एवढी चांगली असेल तर इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी का नाही केली? उत्तर एका शब्दाचं आहे: पेटंट. हे गेम काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सला फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत मिळालं, २०३६ पर्यंत चालेल. नेमेसिस पात्रं, त्यांची उतरंड, खेळाडूशी झालेल्या चकमकीनंतर पात्रात होणारे बदल, इतर खेळाडूंसाठीचे सूड, सगळं त्यात.

आमची छोटी टीम आहे, फावल्या वेळात गेम बनवतो. दरोडेखोरांच्या टोळीचा एक गेम हातात होता. त्यात निसटलेला दरोडेखोर जखमेची खूण घेऊन परत येणार आणि टोळीत वर चढणार. नमुना तयार होता, खेळायला मजा येत होती. मग आमच्यातल्या एकाने ते पेटंट उघडून वाचलं आणि सगळे गार पडलो. वकिलाला द्यायला पैसे कोणाकडे आहेत? तो भाग काढून टाकला. त्याच्याबरोबर गेमचा जीवही गेला. तो अर्धवट पडून आहे. म्हणून मोझू खरा की खोटा यावर तुम्ही तावातावाने बोलता तेव्हा मला त्रास होतो. पुढचा मोझू बनवायलाच बंदी आहे.

अडकित्ता

पेटंटचा हा बाऊ पुरे झाला. ज्या कोणत्या चर्चेत जावं तिथे हेच.

पेटंट कल्पनेवर मिळत नाही, ठरावीक रचनेवर मिळतं. त्यातल्या दाव्यात जे जे घटक लिहिलेत ते सगळे तुमच्या गेममध्ये असले तरच उल्लंघन. शत्रूला तुमची आठवण राहते, एवढ्यावर कोणाची मालकी नाही. 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी'त २०१८ मध्ये भाडोत्री सैनिकांची अख्खी शिडी होती, नावं, गुण, कमजोरी सगळ्यासकट. 'वॉरफ्रेम'मध्ये २०१९ ला कुवा लिच नावाचे शत्रू आले. तुमच्या हातून तयार होतात, तुमच्यावर मात करून वर चढतात, टोमणे मारतात. कोणी अडवलं?

रानवाट

दोन्ही उदाहरणं २०२१ च्या आधीची आहेत! पेटंट मंजूर व्हायच्या आधी कोण अडवणार?

अडकित्ता

मग नंतरचं घ्या. 'वॉरफ्रेम'ने त्याच धर्तीवर 'सिस्टर्स ऑफ पार्व्होस' आणल्या जुलै २०२१ मध्ये, पेटंट मंजूर झाल्यावर. लिच आणि सिस्टर्स दोन्ही अजून चालू आहेत.

खरं कारण खर्च आहे. एका ओर्कला शंभर प्रसंगी शंभर वेगळी वाक्यं लागतात. मला मारलंस, पळून गेलास, जाळलंस, माझ्या भावाला मारलंस, तूच मेलास आणि परत आलास. ती नटांकडून बोलून घ्यायची, प्रत्येक जखमेचं मॉडेल बनवायचं, आणि हे सगळं कुठल्याही क्रमाने आलं तरी जुळायला हवं. शिवाय ओर्क चालतो कारण तो मेला तरी कोणाला वाईट वाटत नाही, आणि नायक मरत नाही. दुसऱ्या कथेत हे दोन्ही बसवून दाखवा. कठीण काम आहे म्हणून कोणी करत नाही, आणि दोष पेटंटवर ढकलला की सुटलो.

रानवाट

'सुटलो' हे तुम्ही मला म्हणताय? मी नमुना करून ठेवला होता असं वर लिहिलंय. कठीण आहे म्हणून सोडलेला नाही. तुम्ही आयुष्यात एक तरी गेम पूर्ण बनवलाय का?

'वॉरफ्रेम'वाल्यांकडे वकील आहेत. आमच्याकडे नाहीत. खटला हरण्याची भीती नाही हो, खटला *होण्याची* भीती आहे. जिंकलो तरी आम्ही संपणार. पेटंट असंच काम करतं. नामको या जपानी गेम कंपनीचं उदाहरण बघा. लोडिंग चालू असताना छोटा गेम खेळायला देण्याचं पेटंट त्यांनी १९९५ मध्ये मागितलं, २०१५ मध्ये ते संपलं. वीस वर्षं आपण सगळे लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसलो. पेटंट सुटलं तोवर लोडिंगच आटत चाललं होतं. त्या वीस वर्षांत कोर्टात किती जण खेचले गेले हा प्रश्नच नाही. कोणी वाटेला गेलं नाही, हेच नुकसान.

अडकित्ता

मी काय बनवलं आणि काय नाही याचा इथे संबंध नाही. वैयक्तिक होऊ नका.

एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्या. पेटंट ज्यांच्याकडे आहे त्यांना तर कोणाची भीती नव्हती? त्यांनी २०१७ नंतर नेमेसिसचा किती वेळा उपयोग केला? एकदाही नाही. 'वंडर वुमन'मध्ये ती येणार असं डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेम रद्द झाला आणि नेमेसिस बनवणारा मोनोलिथ स्टुडिओही बंद केला. ज्यांना मोकळं रान होतं त्यांनाही जमलं नाही. म्हणजे अडचण कागदात नाही, कामात आहे.

रानवाट

तुम्ही हे माझ्या विरुद्ध वापरताय यावर विश्वास बसत नाही. ज्यांनी ती बनवली ते लोक घरी गेले. पेटंट कंपनीकडेच राहिलं. ती स्वतः गेम काढत नाही, बाकीच्यांनी काढायचा म्हटलं तर २०३६ पर्यंत धास्ती. यापेक्षा वाईट काय असू शकतं, सांगा ना.

अडकित्ता

स्टुडिओ बंद झाल्याचं दुःख मलाही आहे. ते पेटंट तसंच पडून राहणं चुकीचं आहे, इतपत तुमच्याशी जुळतं. ते खुलं केलं तर मी पहिला टाळ्या वाजवीन. पण खुलं केल्यावर दुसऱ्या दिवशी दहा नेमेसिस गेम येतील असं समजू नका. आणि तुमचा तो दरोडेखोरांचा नमुना एकदा पेटंट समजणाऱ्या माणसाला दाखवा. दुसऱ्या खेळाडूंसाठीचे सूड नाहीत, गड नाहीत, तर बराचसा भाग दाव्याच्या बाहेर पडेल असं माझं मत आहे.

रानवाट

दाखवायला पैसे लागतात, हेच मघापासून सांगतेय.

तिसरी घंटा

तुमचं दोघांचं झालं असेल तर मूळ मुद्दा.

रात्रपाळी, रक्ताच्या भावाची गोष्ट वाचून मी 'शॅडो ऑफ वॉर' पुन्हा काढला. तुमच्यासारखा दगा अजून कोणी दिला नाही. पण गडाच्या खाली मरायला टेकले होते, तेव्हा मागे कधीतरी डॉमिनेट करून विसरून गेलेला एक ओर्क कुठून तरी धावत आला आणि समोरच्याला आडवा केला. तेवढ्यापुरतं माझं मत बदललं. मुद्दाम मरून रून वाढवण्याबद्दल जे लिहिलं ते मात्र तसंच राहील. ते मॉर्डोरचं पाप आहे आणि घुबड यांनी त्याला उत्तर दिलेलं नाही.

घुबड

उत्तर नाही म्हणूनच दिलं नाही. न्यूर्नेननंतर तो गेम फार सोपा होतो, ब्रँड हातात आला की ओर्कांची धार जाते, हे मला पटतं. टॅलियनला एवढ्या शक्ती द्यायला नको होत्या. पण हा तोल राखण्यातला दोष आहे. पहिल्या तासांत, उडूनमध्ये, अंगात काही नसताना जे घडतं ते याने खोटं ठरत नाही. तुम्ही मुद्दाम मेलात आणि कंटाळलात. मी मरायचं नाही म्हणून जीव तोडून खेळत होतो आणि तरी मेलो, म्हणून मोझू माझ्या डोक्यात बसला.

रात्रपाळी

कोरा कागद, एक विनंती. 'शॅडो ऑफ वॉर' ब्रूटल डिफिकल्टीवर खेळा. तुम्हीही दोन फटक्यांत जाता, समोरचाही जातो. काउंटरचं कौतुक तिथे फार टिकत नाही. बाजार आता नाहीच, त्यामुळे ती कटकटही नाही. आणि कॅप्टनला पहिल्याच भेटीत मारू नका, एक-दोनदा निसटू द्या.

कोरा कागद

भावाची गोष्ट चांगली आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच लिहायला हवं होतं. ती लॉटरी नाही, तिथे सिस्टिमने खरंच तुमच्या जिंकण्याचा हिशोब ठेवला. ॲडाप्ट होण्याचंही मान्य, जर ते तुम्ही म्हणता तितकं ठळक असेल तर. मॉर्डोरबद्दल मी जे लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

ब्रूटलवर खेळेन. पण निसटू द्या ही अट मला मंजूर नाही. समोर आला की मी मारणार, डोकं उडवता आलं तर उडवणार. एवढं करूनही त्यातला एखादा माझ्यामुळे बदलला, माझ्या मागे लागला, तर इथे येऊन तसं लिहीन. मी हात आखडता घेतल्यावरच तो वाढणार असेल, तर घुबड, तुमचा मोझू तुम्हालाच लखलाभ.

घुबड

डोकं उडवलंत तर बदलेल कोण?

कोरा कागद

त्याचे भाऊ. आत्ताच तुम्ही लोकांनी सांगितलंत ना, ओर्कांना भाऊ असतात म्हणून.